समता, समानता आणि बरोबरी

आमच्या अभ्यासवर्गात एक क्रम आहे. बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनातला एखादा उतारा घ्यायचा आणि तो प्रत्येकाने आपापल्या मराठीत उतरवायचा. भाषांतरे उपलब्ध असताना हा उपद्व्याप कशाला, असे काही कार्यकर्ते विचारतात. दुसऱ्याने केलेले भाषांतर वाचताना आपल्याला विचार कळतो. पण स्वतः भाषांतर करायला बसलो की आपली भाषा आपल्याला कुठे नेते आणि कुठे फसवते, हेही कळते.

मध्यंतरी ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ च्या, कधीच न झालेल्या भाषणाच्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींना जे उत्तर दिले, त्यातला संतांविषयीचा भाग घेतला होता. बाबासाहेबांचा मुद्दा सर्वांना ठाऊक आहे. सर्व माणसे ‘इक्वल’ आहेत असे संतांनी सांगितले नाही. ती देवाच्या दृष्टीने ‘इक्वल’ आहेत एवढेच सांगितले, आणि ही दुसरी गोष्ट अगदी निरुपद्रवी आहे. वर्गातल्या बहुतेकांनी ‘समान’ लिहिले. दोघा-तिघांनी ‘सारखी’ लिहिले. एका विद्यार्थिनीने मात्र ‘बरोबरीची’ असे लिहिले होते. मी तो शब्द खोडला आणि वर ‘समान’ लिहून दिले. कारण विचारले तेव्हा म्हणालो, वैचारिक लेखनात हा शब्द ग्राम्य वाटतो. तिने वाद घातला नाही. पण घरी आल्यावर तो खोडलेला शब्द माझ्या डोक्यातून जाईना. ‘ग्राम्य’ ही शिवी आपल्या साहित्याला कुणी दिली आणि कशासाठी दिली, हे वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या माणसाने ती आपल्याच विद्यार्थिनीला द्यावी, याची लाज वाटली. हा लेख त्या लाजेतून लिहिला आहे.

‘इक्वॅलिटी’ला मराठीत तीन शब्द आहेत: समता, समानता, बरोबरी. आपण लेखक मंडळी पहिले दोन हवे तसे अदलून-बदलून वापरतो आणि तिसरा टाळतो. या दोन्ही सवयी मला चुकीच्या वाटतात.

‘समानता’ हा मोजमापाचा शब्द आहे. समान वाटा, समान अंतर, समान कामाला समान वेतन. जिथे तराजू लावता येतो तिथे तो नेमका बसतो. म्हणून संविधानाच्या मराठी पाठात उद्देशिकेपासून चौदाव्या अनुच्छेदापर्यंत ‘समानता’च आहे, आणि कायद्याच्या भाषेत ती योग्यच आहे. पण या शब्दाला एक धार आहे, आणि ती आपल्यावरही उलटते. सर्वांना एकच माप लावा, मग सवलती कशाला, हा राखीव जागांच्या विरोधकांचा युक्तिवाद ‘समानता’ या शब्दाच्या खांद्यावर बसूनच येतो. १९५१ साली मद्रास सरकारचा जातवार जागावाटपाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवला तो जातीवरून भेदभाव न होण्याच्या हक्काखाली, आणि त्यामुळे त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती करून पंधराव्या अनुच्छेदात चौथे खंड घालावे लागले.

‘समता’ हा जमिनीचा शब्द आहे. सम म्हणजे उंचसखल नसलेले. शेत सम करायचे तर उंचवट्याची माती काढून खळग्यात टाकावी लागते. दोन्हीकडे सारखीच माती टाकली तर उंचवटा उंचवटाच राहतो. शाहू महाराजांनी १९०२ साली रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना राखून ठेवल्या, तेव्हा त्यांनी समान माप लावले नव्हते. जमीन सम करायला घेतली होती. केरळ राज्य विरुद्ध एन. एम. थॉमस या १९७६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयातल्या अनेक न्यायमूर्तींनी मान्य केले की विशेष सवलत हा समानतेला अपवाद नसून तिचाच भाग आहे. मराठीत सांगायचे तर समानतेच्या कलमात समता वाचायला न्यायालयाला सव्वीस वर्षे लागली. चळवळीने मात्र हा शब्द आधीच निवडला होता. १९२७ साली समाज समता संघ निघाला, १९२८ साली ‘समता’ हे पत्र निघाले, आणि समता सैनिक दलाच्या नावातही तोच शब्द आहे.

पण ‘समता’ही पूर्ण निर्दोष शब्द नाही. त्याच्यामागे अध्यात्माची मोठी परंपरा उभी आहे. विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक यांच्याकडे ज्ञानी माणूस सम दृष्टीने पाहतो, असे गीता सांगते. पाहतो. त्याच्या हातचे पाणी पितो असे सांगत नाही. ही समता पाहणाऱ्याच्या डोळ्यात राहते. पाहिला जाणारा होता तिथेच राहतो. चोखोबांची अभंगवाणी वाळवंटात चालली आणि त्यांची समाधी पंढरपूरच्या देवळाच्या पायरीशी राहिली. देवळाची दारे अस्पृश्यांना उघडली ती १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. देवाच्या दृष्टीतल्या समतेला देवाच्या दारातून आत यायला इतकी शतके लागली. १९८३ नंतर ‘समरसता’ हा शब्द पुढे करण्यात आला, त्याचाही येथेच विचार व्हावा. मीठ पाण्यात समरस होते तेव्हा मीठ दिसेनासे होते, पाणी पाणीच राहते. कोणी कोणात विरघळायचे, हे तो शब्द सांगत नाही. म्हणून तो ‘इक्वॅलिटी’चा पर्याय नाही, त्या प्रश्नाला दिलेली बगल आहे.

आता ‘बरोबरी’. हा शब्द फारसीतून आला. छातीला छाती भिडवून उभे राहणे हा त्याचा मुळातला अर्थ. मराठीने त्याला आणखी घडवले. ‘बरोबर’ म्हणजे सारखे, बरोबर म्हणजे अचूक, आणि बरोबर म्हणजे सोबत. समता, सत्य आणि साथ असे तिन्ही अर्थ एका शब्दात राहतात, आणि तो निरक्षर आईपासून गणिताच्या गुरुजींपर्यंत सर्वांच्या तोंडी आहे.

मग असा शब्द आपल्या गावात कसा ऐकू येतो? ‘आमची बरोबरी करतोस काय?’ नवरदेव घोड्यावर बसला, पोराने नवे कपडे घातले, कोणी चावडीत खुर्चीवर बसला की हे वाक्य येते, आणि पुष्कळदा त्याच्या मागोमाग काठी येते. बाईने उलट उत्तर दिले तरी तेच, पुरुषाची बरोबरी करते. सोयरीक जुळवताना म्हणतात, बरोबरीचे घर पाहा. तिथे बरोबरीचे म्हणजे आपल्याच जातीचे. ‘समानता’ म्हटल्याबद्दल कुणाला मार बसल्याचे मला आठवत नाही. ‘समता’ म्हटल्याबद्दल तर हार घालतात. मार बसतो तो बरोबरी केल्याबद्दल.

याचे कारण क्रियापदात आहे. समानता दिली जाते. देणारा वर असतो. समता प्रस्थापित होते. कोण करतो ते सांगावे लागत नाही. बरोबरी मात्र करावी लागते, आणि ती खालच्यानेच करायची असते. या तिघांत एकटा हाच शब्द दलित माणसाला वाक्याचा कर्ता करतो. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जे घडले ते पाण्यासाठी नव्हते, इतरांसारखी आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी होते, असे बाबासाहेबांनी स्वतः सांगितले आहे. ती बरोबरी होती. म्हणून तर तळे ‘शुद्ध’ करण्यात आले.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. बरोबरी नेहमी कुणाची तरी असते. म्हणजे वरच्याला माप मानणे आले. शिवाय आपली विषमता श्रेणीबद्ध आहे. प्रत्येक जातीला वरच्याची बरोबरी करायची असते आणि खालच्याने केलेली बरोबरी खपत नसते. दलित म्हणवणाऱ्या जातींतही हे घडते, ते लपवण्यात अर्थ नाही. म्हणून बरोबरी एकटी पुरत नाही. खालच्याने केलेली बरोबरी ज्या दिवशी आपण सहन करतो, नव्हे, तिचे स्वागत करतो, त्या दिवशी तिची समता होते. ध्येय समता, कायदा समानतेचा, पण कृती बरोबरीची, अशी ही विभागणी मला दिसते. कृतीचा शब्द वगळला तर उरलेले दोन भाषणापुरते उरतात.

राहता राहिला तो उतारा. बाबासाहेबांनी दोन्ही ठिकाणी शब्द एकच वापरला आहे. फरक सगळा ‘देवाच्या दृष्टीने’ या शब्दांत आहे. तेव्हा भाषांतरातही शब्द एकच हवा. ‘समान’ ठेवला तर दोन्ही विधाने सारखीच गोड वाटतात आणि बाबासाहेबांचा वार बोथट होतो. ‘बरोबरीची’ ठेवला तर पहिले विधान ऐकणाऱ्याला टोचते, आणि संतांनी ते का उच्चारले नाही हे विद्यार्थ्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही.

पुढच्या रविवारी मी त्या वहीतला माझा ‘समान’ खोडला.