ईस्टर : नाम की क्रियापद?

इंग्रजीच्या तासाला आपली मुले शब्दांच्या आठ जाती पाठ करतात. उपमा-रूपकांचा धडा निराळा असतो. हे दोन धडे वस्तुतः किती निकटचे आहेत, हे जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स (१८४४-१८८९) या येशूसंघीय कवीच्या एका शब्दावरून ध्यानी येते.

डिसेंबर १८७५ मध्ये ‘डॉइचलँड’ हे जहाज टेम्स नदीच्या मुखाजवळ वाळूत रुतले. जर्मनीतील चर्चविरोधी कायद्यांमुळे देशोधडीला लागलेल्या पाच फ्रान्सिस्कन भगिनी त्यात मृत्युमुखी पडल्या. वेल्समध्ये ईशज्ञानाचा अभ्यास करीत असलेल्या हॉपकिन्स यांनी सात वर्षांचे काव्यमौन सोडून त्यांच्यावर ३५ कडव्यांची कविता रचली. तिच्या अखेरच्या कडव्यात ‘ईस्टर’ हे नाम क्रियापद होऊन येते. ख्रिस्ताने आपल्या अंतरी ‘ईस्टरावे’, अशी ती प्रार्थना आहे.

मराठीतही नामधातू आहेत. ‘पाणी’पासून ‘पाणावणे’, ‘लाथ’पासून ‘लाथाडणे’. मात्र आपल्याकडे नामाला प्रत्यय जोडावा लागतो. इंग्रजीत ते आहे त्याच रूपात, केवळ वाक्यातील स्थानामुळे, क्रियापद बनते. या सोयीचे हॉपकिन्स यांनी रूपक केले. ‘ईस्टर’ नाम असते तेव्हा तो दिनदर्शिकेतील एक रविवार असतो. क्रियापद होताच त्याला कर्ता लागतो. तो कर्ता ख्रिस्त आहे आणि क्रियेचे स्थान आपले अंतःकरण. शिवाय या शब्दात ‘ईस्ट’, म्हणजे पूर्व दिशा, ऐकू येते. कवी लगेच पहाटेच्या प्रतिमेकडे वळतो. सूर्यासारखा, असे म्हणण्याची त्याला गरजच उरत नाही.

ही कविता निर्दोष नाही. संबंधी सर्वनामे गाळून केलेली वाक्यरचना वाचकाला अनेकदा अडखळवते. येशूसंघीयांच्या ‘द मंथ’ या मासिकानेही ती छापली नाही. कवीच्या निधनानंतर १९१८ साली रॉबर्ट ब्रिजेस या मित्राने काव्यसंग्रह काढला, तेव्हा ती प्रकाशात आली. परंतु या एका शब्दावर अट्टहासाचा आरोप करता येणार नाही. वादळ, रात्र आणि मृत्यू यांतून गेल्यावरच कवी पहाट मागतो.

मराठीत हे कसे आणावे? ‘आमच्यात पुनरुत्थित हो’ यात सिद्धांत राहतो, पूर्व दिशा हरपते. मला ‘उजाडणे’ जवळचे वाटते. व्याकरणात ते भावकर्तृक क्रियापद आहे. ‘उजाडले’ म्हणताना वेगळा कर्ता नसतो. ‘प्रभो, आमच्यात उजाड’ असे म्हणताच त्या क्रियापदाला कर्ता लाभतो. सणाचे नाव मात्र यातही सुटते, हे मान्य केले पाहिजे.

पास्काच्या जागरणविधीत अंधाऱ्या मंदिरात एकच मेणबत्ती आत येते आणि तिच्यावरून आपण आपापल्या मेणबत्त्या पेटवून घेतो. त्या रात्री ईस्टर क्रियापद असते. दुसऱ्या दिवशी मेजवानीच्या गडबडीत आपण त्याचे पुन्हा नाम करून टाकतो.