पक्ष्यांचे ‘लिंगनिर्धारण’ : एका संज्ञेची चिकित्सा

मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारात ज्वारीच्या कणसांत दाणा भरू लागला, की पाखरे राखणाऱ्याच्या तोंडी पोपट येतो, साळुंकी येते. ‘पोपट बसला’, ‘साळुंकी उडाली’ ही वाक्ये पक्ष्याच्या नर-मादीपणाविषयी काहीच सांगत नाहीत. पोपट पुल्लिंगी, घार स्त्रीलिंगी, घुबड नपुंसकलिंगी, ही केवळ शब्दांची व्यवस्था होय. मोर-लांडोर यांसारख्या जोड्या थोड्या. राखणदाराचे यावाचून काही अडत नाही. घोटाळा होतो तो शास्त्रीय गद्यात.

व्याकरणातील व प्राण्यातील अशा दोहोंस मराठी ‘लिंग’च म्हणते, हे संदर्भाने निभावते. ‘लिंगनिर्धारण’ या संज्ञेचे मात्र तसे नाही. गर्भाचे लिंग कसे ठरते आणि संशोधक ते कसे ओळखतो, या दोन भिन्न गोष्टी आहेत. इंग्रजी संज्ञेतील ही संदिग्धता मराठीने जशीच्या तशी उचलली.

पहिली गोष्ट निसर्गाची. पक्ष्यांत नराची लिंगगुणसूत्रे झेड-झेड, मादीची झेड-डब्ल्यू. म्हणून पिलाचे लिंग मातेच्या अंड्यावर अवलंबून असते. मानवात ते पित्याच्या शुक्राणूवर ठरते. दुसरी गोष्ट प्रयोगशाळेची. पिसाच्या मुळातून वा रक्ताच्या थेंबातून डीएनए काढून दोन्ही गुणसूत्रांवर असणाऱ्या सीएचडी-१ जनुकाचा एक तुकडा वाढवितात. त्याची लांबी झेडवर व डब्ल्यूवर वेगळी असल्यास मादीचे दोन पट्टे उमटतात, नराचा एक. १९९८ साली ग्रिफिथ्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली, ती ‘बहुतेक’ पक्ष्यांपुरती. शहामृग व एमू यांना ती लागू पडत नाही. शिवाय डब्ल्यूवरील तुकडा वाढलाच नाही, तर मादीही नर म्हणून नोंदली जाते. चाचणी लिंग ठरवीत नाही, पुरावा वाचते. आणि वाचनात चूक संभवते. ‘निर्धारण’ हा शब्द नेमकी हीच शक्यता झाकतो.

ही केवळ शब्दांची कुरकुर नव्हे. पोपटाच्या नरास कंठ फुटतो तो साधारण तिसऱ्या वर्षी. तोवर तो मादीसारखाच दिसतो. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे नाव ज्याच्यामुळे सर्वतोमुखी झाले, त्या माळढोकाचा प्रौढ नर आकारानेच ओळखू येतो. पिलाचे तसे नाही. अशा दुर्मीळ पक्ष्याचे बंदिस्त प्रजनन करताना एक चुकीची नोंद जोडीचा सारा हंगाम वाया घालवू शकते.

‘लिंगनिदान’ हा पर्यायही त्याज्यच. निदान रोगाचे करतात. आणि महाराष्ट्राचा १९८८ चा व केंद्राचा १९९४ चा कायदा झाल्यापासून त्या शब्दास गुन्ह्याचा वास आहे. गर्भातील घटनेस ‘लिंगनिर्धारण’ व चाचणीस ‘लिंगओळख’ म्हणावे. तत्समास तद्भव शब्द जोडल्याबद्दल शुद्धिवादी नाक मुरडतील, पण अर्थ स्वच्छ राहील.

एक प्रश्न उरतोच : चाचणीत नर ठरलेली साळुंकी ‘उडाली’ म्हणावे, की ‘उडाला’? व्याकरण पहिल्या रूपाच्या बाजूचे आहे. क्षेत्रीय नोंदवह्यांत लिहिणारे काय लिहितात, हे तपासावयास हवे.