रसायन आणि साधना : साठोत्तरी मराठी कवितेच्या संदर्भात

साठोत्तरी मराठी कवितेतील बंडखोरी आणि स्वैर प्रतिमासृष्टी यांचा संबंध अमेरिकन बीट पिढीशी, आणि ओघाने तिच्या अमली द्रव्यांच्या प्रयोगांशी, जोडला जातो. हा संबंध कितपत स्वीकारार्ह आहे, हे तपासणे आवश्यक ठरते.

प्रथम कालक्रम लक्षात घ्यावा लागतो. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आदींचे ‘शब्द’ हे लघुअनियतकालिक १९५४ मध्ये निघाले. अ‍ॅलन गिन्सबर्ग यांचा ‘हाऊल’ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ते मुंबईत आले १९६२ मध्ये. त्यांच्या सहवासाने या कवींना भाषिक निर्भयता दिली असेल. परंतु बंडाची सुरुवात त्यापूर्वीच झालेली होती.

दुसरा प्रश्न तात्त्विक आहे. अल्डस हक्स्ले यांनी १९५४ च्या ‘द डोअर्स ऑफ पर्सेप्शन’मध्ये मेस्कलिनचा अनुभव गूढानुभवाच्या जवळ नेला, आर. सी. झेनर यांनी १९५७ मध्ये त्याचे खंडन केले. भारतीय परंपरेला हा वाद नवा नाही. योगसूत्रांच्या कैवल्यपादात सिद्धीच्या पाच कारणांमध्ये औषधीचा समावेश आहे. मात्र ध्यानातून घडलेले चित्तच वासनारहित असते, असेही तेथेच सांगितले आहे. म्हणजे द्रव्याचे सामर्थ्य मान्य करूनही त्याला मुक्तीचे साधन मानलेले नाही.

१९६० मध्ये टिमथी लिअरी यांच्यासह सायलोसायबिनचा प्रयोग करणारे गिन्सबर्ग भारतातील वास्तव्यानंतर, जुलै १९६३ मधील ‘द चेंज’ या कवितेत, द्रव्यजन्य साक्षात्काराच्या आग्रहापासून दूर होऊन देहाच्या स्वीकाराकडे वळतात, हे या दृष्टीने सूचक आहे.

मराठी कवींचा मार्ग याहून वेगळा आहे. चित्रे ‘पुन्हा तुकाराम’मधून (१९९०) संतकवीकडे परततात. कोलटकरांच्या ‘जेजुरी’तील (१९७६) निवेदक तीर्थक्षेत्र भारावून नव्हे, तर सावध डोळ्यांनी पाहतो. विदर्भातील वसंत आबाजी डहाके यांच्या ‘योगभ्रष्ट’ (१९७२) या संग्रहाचे शीर्षकच गीतेच्या परिभाषेतून साधनेपासून ढळलेल्या माणसाकडे निर्देश करते. या कवींची विचलित जाणीव नशेपेक्षा महानगराच्या दाबातून आणि श्रद्धेच्या संकटातून आलेली दिसते.

सारांश, कवितेचे श्रेय रसायनाला देणे म्हणजे कवीचे भाषेतील परिश्रम नाकारणे होय. द्रव्य अनुभव देऊ शकेल. त्याला शब्दरूप देण्यासाठी साधनाच करावी लागते.