पूर्वपक्षाचं कपाट

१० मे १९३३ ला बर्लिनमध्ये विद्यार्थ्यांनी पुस्तकं जाळली, हे बहुतेकांना माहीत असतं. बरोबर एक वर्षानं, १० मे १९३४ ला, पॅरिसमध्ये एक जर्मन ग्रंथालय उघडलं, हे मात्र फारसं माहीत नसतं. 'डॉइचे फ्रायहाइट्सबिब्लिओटेक', म्हणजे जर्मन स्वातंत्र्य ग्रंथालय. देश सोडावा लागलेल्या लेखकांनी ते बुलेव्हार आरागोवर उभं केलं. हाइनरिश मान अध्यक्ष, कामाचा भार आल्फ्रेड कांटोरोविच यांच्यावर.

याचं कौतुक करणं सोपं आहे. मला आज थोडी चिकित्सा करायची आहे.

पहिला प्रश्न असा, की 'जाळलं गेलं' हा ग्रंथनिवडीचा निकष होऊ शकतो का? मार्क्स, फ्रॉइड, केस्टनर, रेमार्क हे सगळे एकाच आगीत गेले. यांच्यात साम्य काय? नाझींचा राग, एवढंच. शत्रूची यादी नुसती उलटी करून वापरली, तर तुमची पुस्तकं शेवटी शत्रूच निवडतो ना!

पण या मंडळींनी तेवढंच केलं नाही. जाळलेल्या पुस्तकांबरोबर त्यांनी नाझींचं साहित्य आणि वर्तमानपत्रांची कात्रणंही जमवली. माझ्या मते, इथे ते स्मारक न राहता संशोधनाचं ग्रंथालय झालं. आपल्याकडे दर्शनशास्त्रात खंडनाआधी पूर्वपक्ष मांडतात, आणि तोही प्रतिपक्षाला मान्य होईल असा. त्यासाठी त्याचे ग्रंथ हाताशी लागतात. नुसती चीड पुरत नाही.

आता दुसरी बाजू. या वर्तुळावर कम्युनिस्टांचा प्रभाव होता. कांटोरोविच स्वतः पक्षाचे सभासद. १९३६ पासून मॉस्कोत जुन्या क्रांतिकारकांवर खटले चालले, तेव्हा यातले बरेच जण गप्प राहिले. बर्लिनचा पूर्वपक्ष तपासणाऱ्यांनी स्वतःच्या सिद्धान्ताला प्रश्न विचारायचं टाळलं. कांटोरोविच यांनी पुढे १९५७ मध्ये पूर्व जर्मनी सोडली. म्हणजे दुसऱ्यांदा देश सोडणं आलं!

१९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसात शिरल्या आणि ग्रंथालय संपलं. त्याची शिस्त मात्र घेण्यासारखी आहे, आणि तिची अर्धवट राहिलेली बाजू त्याहून जास्त. घरी गेलात की आपलं कपाट बघा. ज्याचा संताप येतो, त्याचं एक तरी पुस्तक तिथे आहे का? आणि आपल्याच पक्षाला अडचणीत आणणारं?