मधुमेहजन्य उत्थान-दौर्बल्य आणि मूलपेशी-उपचार : एक परीक्षण

जुन्या मधुमेहाने पुरुषाची उत्थानक्षमता क्षीण होते, हे वैद्यकाला नवे नाही. उत्थानासाठी मज्जातंतूंच्या टोकांतून व रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तरातून नायट्रिक ऑक्साइड स्रवावे लागते. त्यायोगे शिश्नातील अरेखित स्नायू शिथिल होऊन तेथे रक्त भरते. दीर्घकाळ वाढलेली रक्तशर्करा मज्जातंतू, अंतःस्तर आणि स्नायू या तिन्हींची हानी करते. १९९८ साली प्रचारात आलेले सिल्डेनाफिल आणि त्याच्या वर्गातील इतर औषधे नायट्रिक ऑक्साइडने सुरू केलेली क्रिया लांबवितात. ती क्रियाच नीट सुरू होत नसेल, तर त्यांचा उपयोग मर्यादित राहतो. म्हणूनच मूलपेशी टोचून बिघडलेले ऊतकच दुरुस्त करावे, ही कल्पना मोहक वाटते. तिला आधार कितपत आहे, हे तपासणे एवढाच येथे हेतू आहे.

या संदर्भात कोरियातील २०१० सालच्या निबंधाचा उल्लेख वारंवार केला जातो. औषधांनी गुण न आलेल्या व कृत्रिम रोपणाची वाट पाहणाऱ्या, ५७ ते ८७ वर्षे वयाच्या सात मधुमेही पुरुषांना नाळेच्या रक्तातील दीड कोटी मूलपेशी शिश्नात टोचण्यात आल्या. पहिल्या महिन्यात तिघांना, तर तिसऱ्या महिन्यापर्यंत एकाखेरीज सर्वांना सकाळचे उत्थान पुन्हा होऊ लागले. तथापि समागमास पुरेल इतकी ताठरता केवळ पेशींनी आली नाही; जोडीला गोळी दिल्यावर दोघांना ती लाभली.

या निबंधातील दुसरी नोंद अधिक विचार करण्याजोगी आहे. त्याच रुग्णांची रक्तशर्करा दोन आठवड्यांतच उतरली आणि एकाखेरीज सर्वांच्या मधुमेहावरील औषधाची मात्रा कमी करता आली. लेखकांच्या दृष्टीने ही जमेची बाजू होय; परीक्षकाच्या दृष्टीने मात्र येथेच पेच निर्माण होतो. उत्थान सुधारले ते ऊतक दुरुस्त झाल्यामुळे, की शर्करा आटोक्यात आल्यामुळे? सात रुग्णांच्या आधारे या दोन कारणांची फारकत करता येत नाही. म्हणजे ज्या पुनर्जननासाठी हा निबंध उद्धृत केला जातो, ते त्यात सिद्ध झालेलेच नाही.

जॉर्डनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चार मधुमेही रुग्णांना त्यांच्याच अस्थिमज्जेतील पेशी दोनदा टोचल्या. उपचार निर्धोक ठरला आणि प्रश्नावलीतील गुणांक वाढले. परंतु तो पहिल्या टप्प्याचा, खुला प्रयोग होता. आपणांस काय दिले जात आहे, हे रुग्णांना ठाऊक होते. ज्या व्याधीत मनाचा वाटा इतका मोठा, तेथे निर्गुण द्रव्य टोचलेल्या तुलनागटावाचून रुग्णाच्या उत्तरांतून गुणकारिता ठरविणे धाडसाचे आहे. प्राण्यांवरील प्रयोगांतही टोचलेल्या पेशींपैकी फारच थोड्या तेथे टिकलेल्या आढळतात. त्यामुळे त्या स्वतः नवे ऊतक बनत नसून त्यांच्या स्रावांचा परिणाम होत असावा, असे अनुमान केले जाते. तसे असेल, तर ‘एकदा टोचले की कायमचे बरे’ हा दावा त्याच क्षणी ढासळतो.

या चर्चेचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही. हा रुग्ण आपली व्यथा पत्नीपाशीही बोलावयास संकोचतो. फसवणूक झाली तरी तक्रार करावयास तो पुढे येत नाही. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने २०१८ च्या मार्गदर्शिकेत हा उपचार प्रायोगिक मानला आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्तविकारादींसाठी मान्य झालेले मूलपेशी-रोपण वगळता, मान्यताप्राप्त प्रयोगाबाहेर रुग्णावर मूलपेशी वापरणे अनैतिक ठरते. प्रयोगात सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून उपचाराचे मोल घेणे हेही त्या तत्त्वांच्या विरुद्ध आहे.

कल्पना त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. यदृच्छ विभागणी, तुलनागट, रक्तशर्करेची स्वतंत्र नोंद आणि किमान वर्षभराचा पाठपुरावा असलेले प्रयोग झाले पाहिजेत. तोवर या उपचाराला ‘आशा’ म्हणता येईल. ‘चिकित्सा’ हे नाव त्याने अद्याप मिळविलेले नाही.