प्रज्ञाचक्षूंचे अद्वैत

अंतर डोळ्यांना दिसत नाही. स्पर्शाच्या अनुभवाने ते आपण शिकतो, असे बर्क्लेने 1709 मध्ये मांडले. आमच्या परतवाड्याजवळच्या माधानचे गुलाबराव महाराज (1881–1915) नवव्या महिन्यातच अंध झाले. त्यांनी ग्रंथ ऐकले, स्पेन्सरचाही समाचार घेतला, आणि मांडले ते मधुराद्वैत : अद्वैत न सोडता भक्ती. येथे मी अडखळतो. जग ही केवळ जाणीवच असेल, तर वाचून दाखविणारा आवाज कोणाचा? बर्क्ले अशा वेळी ईश्वराला साक्षीस बोलावतो. महाराज ईश्वराशी संसारच थाटतात! युक्तिवाद म्हणून हे मला पटत नाही. पण ज्याचे सारे ग्रंथज्ञान दुसऱ्याच्या कंठातून आले, त्याने तो दुसरा पुसून टाकला नाही, हे मात्र मला बर्क्लेच्या युक्तिवादाहून वजनदार वाटते.