सोर्स कोडमधील संदर्भ-लिंक : पत्ता आणि आधार यांतील फरक

प्रस्तावना

संगणकाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात आपण विद्यार्थ्यांना प्रोग्राममध्ये कॉमेंट लिहायला शिकवतो. एखादी ओळ काय करते आणि ती तशीच का लिहिली, हे पुढे येणाऱ्या माणसाला कळावे, हा त्यामागील हेतू असतो. परंतु गेल्या काही वर्षांत स्पष्टीकरण लिहिण्याऐवजी एखाद्या संकेतस्थळाची लिंक चिकटवून मोकळे होण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर आपल्यालाही. या लिंकांचे पुढे काय होते, याचा एक मोठा अभ्यास उपलब्ध आहे. प्रस्तुत लेखात त्या अभ्यासाचे समीक्षण करून सुरतसारख्या व्यापारी शहरात शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी त्यातून काय घ्यावे, याचा विचार केला आहे.

अभ्यासाचे स्वरूप

हिदेआकी हाता, क्रिस्तोफ ट्रॉयडे, राउला कुला आणि ताकाशी इशिओ या चार संशोधकांचा हा शोधनिबंध २०१९ साली सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत सादर झाला. सोर्स कोडच्या कॉमेंटमधील सुमारे ९६ लाख लिंक त्यांनी अभ्यासासाठी घेतल्या. या लिंक प्रामुख्याने कुठे नेतात, तर परवान्याचा मजकूर, सॉफ्टवेअरचे मुख्य संकेतस्थळ आणि तांत्रिक मानके यांच्याकडे, असे त्यांना आढळले. जवळपास १० टक्के लिंक मृत होत्या. एकदा लिहिलेली लिंक क्वचितच बदलली जाते, मात्र ती ज्या पानाकडे नेते ते पान पुष्कळदा बदलत राहते, हाही त्यांचा निष्कर्ष आहे.

या अभ्यासाची विशेष नोंद घेण्याजोगी बाब अशी की संशोधक केवळ मोजणी करून थांबले नाहीत. काही मृत लिंकांच्या दुरुस्त्या तयार करून त्यांनी त्या संबंधित प्रकल्पांकडे पाठवल्या आणि त्यांतील बहुतेक स्वीकारल्या गेल्या. म्हणजे काम अवघड नाही, फक्त ते कोणाच्याच वाट्याला आलेले नसते.

अभ्यासाची मर्यादा

तरीही या निबंधाची चर्चा करताना बहुतेक ठिकाणी '१० टक्के' हाच आकडा पुढे केला जातो, आणि माझा आक्षेप तेथेच आहे. मृत लिंक त्रासदायक असते, पण ती फसवत नाही. ती उघडत नाही, आणि वाचणाऱ्याला लगेच समजते की येथे आधार उरलेला नाही. खरा धोका जिवंत लिंकचा आहे. ती उघडते, सरकारी मुद्रा असलेले पान दिसते, परंतु कोड लिहिणाऱ्याने जे वाचले होते ते त्या पानावर आता नसते. निबंधात या बदलाची नोंद आहे. परंतु त्याचे परिणाम समजून घ्यायचे तर कायदा आणि कर यांच्याशी निगडित असलेला कोड पाहावा लागतो. तसा कोड दुकानांच्या आणि पेढ्यांच्या संगणकांवर असतो. तो खुल्या भांडारात नसल्यामुळे अशा अभ्यासाच्या कक्षेत येत नाही.

न्यायालयीन लिखाणाबाबत अशी तपासणी अमेरिकेत झाली आहे. झिट्रेन, अल्बर्ट आणि लेसिग यांच्या २०१४ च्या अभ्यासानुसार तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत दिलेल्या लिंकांपैकी ५० टक्के लिंक मुळात उद्धृत केलेल्या मजकुराकडे नेत नव्हत्या. त्यांनी लिंक उघडते की नाही एवढेच न पाहता मूळ मजकूर तेथे आहे का, हे पाहिले. आपल्याला हाच निकष उपयोगी आहे.

सुरतचे उदाहरण

सुरतच्या कापड बाजारासाठी बिलिंगचा प्रोग्राम हा आपल्या विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रकल्प. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, आणि त्या वर्षी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये केंद्रीय अबकारी व सीमाशुल्क मंडळाच्या, म्हणजे सीबीईसीच्या, संकेतस्थळाच्या लिंक दिल्या गेल्या. २०१८ साली मंडळाचे नाव बदलून केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ झाले आणि संकेतस्थळाचा पत्ताही सीबीआयसी या नव्या नावाचा झाला. वर्षभरात आधाराचा पत्ता बदलला तो असा.

दर तर त्याहून वेगाने बदलले. कृत्रिम धाग्यावरील १८ टक्के दर ऑक्टोबर २०१७ मध्ये १२ टक्के झाला. १८ नोव्हेंबर २०२१ च्या अधिसूचना क्रमांक १४/२०२१ ने बहुतेक कापडावरील दर १ जानेवारी २०२२ पासून ५ वरून १२ टक्के करण्याचे जाहीर केले. परंतु ३१ डिसेंबर २०२१ रोजी परिषदेने तो निर्णय पुढे ढकलला. २२ सप्टेंबर २०२५ पासून कृत्रिम धाग्यावरील दर ५ टक्के झाला.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने त्या डिसेंबरमध्ये एका व्यापाऱ्याच्या प्रोग्राममध्ये १२ टक्के दर आधीच भरून ठेवला होता. कॉमेंटमध्ये 'नवीन अधिसूचनेप्रमाणे' एवढेच शब्द आणि दरांच्या यादीची लिंक होती. नंतर तो नोकरी सोडून गेला. १ जानेवारीला काही बिले १२ टक्क्यांनी निघाली. त्याच्या जागी आलेल्या मुलाने लिंक उघडली, तेव्हा यादीत ५ टक्के दिसत होते. आधीच्याने चूक केली, की यादीच जुनी राहिली, हे ठरवायला त्याच्याकडे काहीच साधन नव्हते. दोन दिवस तो व्यापारी, कर सल्लागार आणि माझ्याकडे फोन करत राहिला. खरेदीदारांना क्रेडिट नोटा द्याव्या लागल्या आणि ठपका बसला नव्या मुलावर. कॉमेंटमध्ये '१४/२०२१' एवढा क्रमांक असता तरी हा प्रश्न दहा मिनिटांत सुटला असता. लिंक मात्र त्या दोन्ही दिवशी व्यवस्थित चालू होती.

'अद्ययावत' म्हणजे काय

यावरून मूळ प्रश्नाकडे वळता येते. लिंक अद्ययावत ठेवणे म्हणजे जुना पत्ता पुसून नवा लिहिणे, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज अपुरा आहे. कोड २०१७ च्या नियमाप्रमाणे चालत असेल आणि वर २०२५ च्या नियमाची लिंक असेल, तर ती कॉमेंट खोटी ठरते. शिवाय जुन्या बिलावरची क्रेडिट नोट काढायची तर जुना दर आणि त्याचा आधार दोन्ही लागतात. कराच्या दरांची मूळ अधिसूचना क्रमांक १/२०१७ ही २८ जून २०१७ ची. २२ सप्टेंबर २०२५ पासून तिची जागा ९/२०२५ ने घेतली. म्हणून पहिलीचा उल्लेख पुसून टाकावा असे नाही. ती कधीपासून कधीपर्यंत लागू होती, हे लिहायला हवे. पत्ता बदलण्यापूर्वी नव्या पानावरील मजकूर आणि खालचा कोड एकमेकांशी जुळतात का, हे वाचून पाहिले पाहिजे.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगाने हा धडा आधीच घेतला आहे. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा टपालाचा पत्ता वर्षानुवर्षे असंख्य फाइलींच्या आरंभी छापलेला असे. संस्था केंब्रिजहून बोस्टनला, तेथे टेंपल प्लेसहून २००५ साली फ्रँकलिन स्ट्रीटला गेली, आणि २०२४ मध्ये तेही कार्यालय बंद झाले. फाइलींतले पत्ते मात्र जागच्या जागी राहिले. ग्लिबीसी या प्रकल्पाने २०१२ साली ते पत्ते काढून संकेतस्थळाची लिंक घातली. लिनक्स कर्नलने २०१७ पासून परवान्याचे ठरावीक संक्षिप्त नाव एका ओळीत लिहिण्याची पद्धत स्वीकारली. टपालाचा पत्ता, मग लिंक, मग नाव, असा हा प्रवास आहे. पत्ता कोणताही असो, तो बदलतो. नाव आणि क्रमांक टिकतात.

प्राध्यापकांसाठी सूचना

कम्युनिटी कॉलेजचा विद्यार्थी अल्पावधीत शिकून थेट एखाद्या पेढीवर कामाला लागतो. तेथे त्याचा कोड तपासणारा वरिष्ठ बहुधा नसतो. म्हणून ही सवय आपल्याच वर्गात लागली पाहिजे. पुढील गोष्टी कोणत्याही खर्चाशिवाय करता येतील.

१. कॉमेंटमध्ये लिंकआधी आधार लिहावा. उदाहरणार्थ : 'कापड विक्री, दर ५ टक्के. आधार : केंद्रीय कर (दर) अधिसूचना १/२०१७, दिनांक २८ जून २०१७. लागू : १ जुलै २०१७ ते २१ सप्टेंबर २०२५.' त्यानंतर लिंक आणि ती पाहिल्याची तारीख. लिंक तुटली तरी एवढ्यावरून मूळ कागद शोधता येतो.

२. आधाराच्या कागदाची प्रत प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच ठेवावी. ती ठेवणे शक्य नसेल तर २००१ पासून सर्वांना खुल्या असलेल्या वेबॅक मशीनवरील तारखेसह जतन केलेल्या पानाची लिंक द्यावी.

३. एकच लिंक दहा फाइलींत देऊ नये. ती एका फाइलीत ठेवून इतरत्र तिचा उल्लेख करावा, म्हणजे दुरुस्ती एकाच जागी होते.

४. लिंक तपासणारी साधने वापरावीत, पण त्यांच्यावर विसंबून राहू नये. पान हलवल्यावर काही संकेतस्थळे मुखपृष्ठ दाखवतात, आणि साधन ती लिंक चालू असल्याचे सांगते. मजकूर बदलला आहे का, हे माणसालाच वाचावे लागते.

५. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला त्याच्या कोडमधील एखादी लिंक उघडायला सांगावी आणि कोडमधील कोणती ओळ त्या पानावरील कोणत्या वाक्यावर आधारलेली आहे, हे विचारावे. त्यासाठी थोडे गुण राखून ठेवावेत.

समारोप

चौघा संशोधकांचा निबंध परिश्रमपूर्वक केलेला आहे आणि संगणकशास्त्राच्या प्रत्येक प्राध्यापकाने तो वाचावा, असे सुचवावेसे वाटते. त्यातील १० टक्क्यांच्या आकड्यावर न थांबता, पाने बदलत राहतात या दुसऱ्या निष्कर्षाकडे अधिक लक्ष द्यावे, एवढेच माझे म्हणणे आहे. शोधनिबंधात 'संकेतस्थळावरून साभार' एवढाच संदर्भ आला तर आपण तो परत पाठवतो. विद्यार्थ्याच्या कोडला मात्र आपण हा नियम लावत नाही, आणि त्याची किंमत त्याच्या जागी पुढे येणारा दुसरा विद्यार्थी मोजतो. येत्या सत्राच्या प्रकल्प-मूल्यमापनापासून हा नियम लागू करण्यास कोणतीही अडचण दिसत नाही.